न पिणाऱ्याचे यकृत

मी एक बावन्न वर्षांचे जुने यकृत आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. गोडानेच माझा घात केला आहे.

माझे मालक निक सेमान मलेशियातल्या कोटा बारूजवळच्या गावात, मशिदीत पाच वेळा बांग देतात. लोक त्यांना मानाने 'बिलाल' म्हणतात. तरुणपणी ते भातशेतात राबत. तेव्हा मी तांबूस आणि तुळतुळीत होते. पुढे गुडघे दुखू लागले, त्यांनी शेत सोडले. खाणे मात्र सोडले नाही. नमाज आटोपला की शेजारच्या टपरीत आटवलेल्या गोड दुधाचा चहा, सोबत आकोक, म्हणजे अंड्यागुळाचे गोड केक. रमझानमध्ये सूर्य बुडताच ते दिवसभराच्या उपासाचा सूड एका ताटात उगवत. मी पिवळट, जड होत गेले. त्यांच्या गळ्याची सगळे तारीफ करीत. माझी विचारपूस कोणी केली नाही. मीही मूर्ख, कधी दुखले नाही.

मालक रक्तातली साखर तपासायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहिले. "यकृतावर चरबी साचलीय, व्रणही धरू लागलेत. दारू घेता का, काका?"

मालक ताडकन उठले. "मी बांग देतो, बाई! तोंड सांभाळा."

"मग हे वजनामुळे आणि साखरेमुळे. आत्ता आवरलंत तर सुधारेल..."

पुढचे ऐकायला ते थांबलेच नाहीत. बांग देणारा चोरून पितो, असे लोक म्हणतील, या भीतीने त्यांनी तपासणीचा कागद ठेवणीतल्या सारोंगच्या, म्हणजे लुंगीच्या, घडीत दडवला. अब्रू वाचवायला मला गाडले.

ईदच्या तोंडावर त्यांच्या पत्नीने, वान रोकियाने, सारोंग झटकला आणि कागद खाली पडला.

"अहो, यकृत? तुम्ही पिता?"

"अल्लाची शपथ, एक थेंब नाही!"

तिने कागद शेवटपर्यंत वाचला. "इथे दारूचं नाव नाही. वजन लिहिलंय, एकशे चार किलो. ते लपवलंत होय? ते तर अख्ख्या गावाला दिसतं!"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. तुमच्या मयताचं जेवायला तेच येणार आहेत."

दुसऱ्या दिवशी टपरीवाल्याने नेहमीचा पेला पुढे सरकवला. मालकांनी तो परत केला. "कोरा दे. बिनसाखरेचा. माझं यकृत बिघडलंय."

मग कोपऱ्यातून कोणी खिदळले, "कधीपासून पिताय, बिलाल?"

"तीस वर्षं," मालक म्हणाले. "तुमच्याच सोबत, याच पेल्यातून."

खिदळणाऱ्याने आपला गोड चहाचा पेला खाली ठेवला.

मित्रांनो, मी त्यांना माफ केलेले नाही. एका कोऱ्या चहाने तीस वर्षे धुऊन निघत नाहीत. उद्याच्या पेल्यावर माझी नजर आहे. तुमच्या बरगडीखालीही एक यकृत मुकाट राबते आहे. ते बोलत नाही म्हणून ते खूश आहे, असे समजू नका.