हिरव्या ज्योतीचं भस्म

तेरमध्ये नदीकाठच्या रानात सकाळपासून माणसांची झुंबड उडाली होती. नक्षत्रबाबा पितळी दिव्यातल्या निळसर ज्योतीवर चिमूट चिमूट भस्म सोडत होता आणि ज्याचा त्याचा तारा जाहीर करत होता.

"ज्योत पिवळी, घरी सुगी! ज्योत हिरवी, दारात काळ! तारा बोलतो, बाबा ऐकतो!"

बाबाला तारे भर उन्हातही ऐकू येत होते, आणि याचं कुणाला नवल वाटत नव्हतं.

तारामतीनं आपली तान्ही नात पुढं धरली. अजून बारसंही व्हायचं होतं.

"नक्षत्र?" बाबानं विचारलं.

"मूळ हाय, बाबा."

बाबानं चिमूटभर भस्म सोडलं आणि ज्योत हिरवीगार झाली.

"पोरगी आज्याला खाणार," बाबा म्हणाला. "ही पुडी मधातून चाटव. कोप हिरवा होऊन बाहेर पडंल."

"नका हो आत्याबाई, लई नाजूक हाय ती," सून ज्ञानेश्वरी रडकुंडीला आली. तारामतीनं तिला गप्प केलं आणि तिथंच भस्म मधात कालवून बाळाला बोटानं चाटवलं. थोड्याच वेळात बाळाला निळी-हिरवी ओकारी झाली. लोकांनी बाबाचा जयजयकार केला. तारामतीनं त्याचे पाय धरले.

बाळ निपचित पडलं, तेव्हा कुठं दवाखाना आठवला. धाराशिवला डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलं बाळाला?"

"भस्म," तारामती म्हणाली.

तिची लेक शिवांजली लोहाऱ्यात विज्ञान शिकवायची. निरोप मिळताच ती धावत आली होती. उरलेल्या पांढऱ्या पुडीवर तिनं पाण्याचा थेंब टाकला. पूड निळीशार झाली.

बाळाचे आजोबा धुळाप्पा दरसाल द्राक्षांवरच्या बुरशीला मारायला तेच फवारायचे. "आरं, हा तर मोरचूद हाय!"

"तव्यावर भाजला की पांढरा पडतो," शिवांजली म्हणाली. "दिव्यात तेल न्हाय, स्पिरिट असणार. मीठ टाकलं की ज्योत पिवळी, मोरचूद टाकला की हिरवी. शास्त्रज्ञ ताऱ्याचा उजेड लोलकातून फोडतात, रंगांच्या पट्ट्यातल्या काळ्या रेघा बघतात आणि ताऱ्यांची वर्गवारी लावतात. तारा किती तापलाय, त्यात काय हाय, एवढं कळतं. कुणाच्या नातीचं नशीब त्यात न्हाय."

संध्याकाळी बाळ गेलं. ज्ञानेश्वरीनं सासूला त्याला हात लावू दिला नाही.

"म्या मारलं का गं?" तारामतीनं लेकीला विचारलं.

शिवांजलीला खोटं बोलवेना. "विष त्यानं दिलं, आई. चाटवलंस तू."

बाबाला पोलिसांनी धरलं, पण तेवढ्यानं काही बाळ परत येत नाही. आकाशातल्या एकाही ताऱ्याला तेरमधलं एकही घर ठाऊक नाही. पुडी कुणीही देवो, यात काय आहे, हे आधी विचारा. बाळाला ते विचारता येत नसतं.