हुईचेनची सर्व्हिस

फांग ज्येनतुंग मरून तीन हिवाळे उलटले होते, तरी रोज दुपारी तो आईच्या खिडकीखाली टेबल टेनिस खेळायचा.

खेळायची अर्थात त्याची धाकटी बहीण, हुईचेन. बर्फावरून गाडी घसरून तुंग गेला, तेव्हा त्यांची आई लुओबाई हृदयाच्या दुखण्यानं इस्पितळात होती. आजारी म्हाताऱ्या माणसाला मरणाची बातमी सांगायची नाही, ही चीनमधल्या फूशुन शहरातली घरोघरची रीत. नातेवाइकांनी ठरवून टाकलं: तुंगच्या घशाचं ऑपरेशन झालंय, वाचा गेलीय, आजारी आईला जंतूंची बाधा नको म्हणून घरात येत नाही, बाकी ठणठणीत. ठरवणारे ठरवून आपापल्या घरी गेले, निस्तरायला उरली हुईचेन!

लुओबाईला दिसत नव्हतं. पण जन्मभर पोरांना खेळ शिकवलेली बाई ती, चेंडूच्या आवाजावरून माणूस ओळखायची. तुंग चेंडूखालून बॅट अशी सरकवायचा की उलट्या फिरकीनं चेंडू जाळीपलीकडे टप्पा घेऊन आपणहून माघारी यायचा. टक्, टक्, आणि अलीकडे पुन्हा टक्. हुईचेनला ती सर्व्हिस हुबेहूब जमायची. प्रांताच्या संघात तिचं कामच ते होतं. समोर जी परदेशी खेळाडू येणार असेल, तिची नक्कल करून आपल्या मुलींना सराव द्यायचा. मुली तिला हाकसुद्धा त्या परदेशी नावानंच मारायच्या.

"आला गं माझा तुंग," लुओबाई खिडकीतून म्हणायची. "खांदा पाड, गाढवा! जेवलास का?"

हुईचेन दोनदा बॅट आपटायची. म्हणजे हो.

पुढेपुढे तिला खिडकीखालच्या त्या सिमेंटच्या टेबलाची भीती वाटायला लागली. चेंडू पलीकडून परत यायचा तेव्हा कुणीतरी तो पाठवतंय असंच वाटायचं. तिचा खांदा आपोआप पडायचा, घशात तुंगचा खोकला यायचा. "दादा, पुरे रे," ती पुटपुटायची, आणि उद्या पुन्हा यायची.

मग खेळाच्या मोठ्या लोकांनी जगभरातले सेल्युलॉइडचे चेंडू बंद केले. नवे आले प्लास्टिकचे. केसभर मोठे, कडक, बॅटच्या रबराला धरेचनात. फिरकी मेली ती मेलीच. हुईचेननं जुने चेंडू जपून वापरले, पण सिमेंटवर किती टिकणार? शेवटचा तडकला तेव्हा सेल्युलॉइडमधल्या कापराचा वास सुटला.

दुसऱ्या दिवशी तिनं नवा चेंडू घेतला. जीव तोडून बॅट सरकवली. टक्, टक्. पलीकडे चेंडू जरा रेंगाळला, घरंगळत खाली पडला. पुन्हा केली. पुन्हा तेच.

खिडकीतून आवाज आला, "तुंग नाही हा."

हुईचेननं घाईघाईनं दोनदा बॅट आपटली.

"कोण आहे तिथं? तुंग कुठंय?"

"आई, मी आहे. चेंडू बदललेत गं, नव्यांना फिरकीच..."

"तुंग कुठंय?"

आता लपवायचं तरी काय? हुईचेननं सांगून टाकलं, बर्फ, गाडी, सगळं. सांगताना तिला रडू फुटलं. म्हातारी रडली नाही. बराच वेळ ती खिडकीची चौकट चाचपत राहिली.

"म्हणजे तीन वर्षं मी मेलेल्याला जेवलास का विचारत होते," ती म्हणाली. "आणि तू कोण?"

"असं काय करतेस? मी हुईचेन!"

"आवाजाचं मला सांगू नकोस. नक्कल तर तुमचा धंदा. हुईचेन असशील तर तिची सर्व्हिस कर. लहानपणी मीच शिकवलीय, लगेच ओळखीन."

हुईचेननं डोळे पुसले, चेंडू उडवला, मारला.

"ही ती जर्मन पोरगी. हुईचेननंच ऐकवली होती मला."

दुसरी केली.

"ही कोरियाची. तुझी कर म्हटलं ना!"

हुईचेननं पुन्हा चेंडू हातात घेतला. मनगट सैल सोडलं, डोळे मिटले, वाट पाहिली. हातात माणसांची जत्रा भरली होती, त्यात ती स्वतः कुठंच सापडेना.

लुओबाई कान देऊन ऐकत होती. टेबलावर टप्पा पडलाच नाही.

"असं आहे होय," ती हळूच म्हणाली. "खरं सांग पोरी, कुणाचीही असशील. माझी हुईचेनपण त्याच गाडीत होती ना?"