दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातलं लग्न

कॉम्प्युटरचा पडदा काळाच राहिला. स्पीकरमधून मात्र लग्नाची गाणी म्हणणाऱ्या मंगळी धवलारणीचा हळदीचा धवला स्वच्छ ऐकू येत होता. मागे बायका हसत होत्या, कुणीतरी "पाट सरकव गं" म्हणत होतं.

"आवाज येतो, नि मानसं कुटं गेली रं?" चंद्राबाईनं विचारलं.

पदू भोईरनं फाईल बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा धवला आणि पुन्हा काळोख.

"थांब बाय, बगतो," तो म्हणाला.

थोरल्या बहिणीला तो लहानपणापासून बाय म्हणत आला होता. ती सावरोलीला राहायची, तो कर्जतला भिसेगावात. एप्रिलमध्ये तिच्या एकुलत्या एका मुलीचं, सोनालीचं लग्न झालं. त्याच्या तीन दिवस आधी चंद्राबाई मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडून पनवेलच्या दवाखान्यात जाऊन पडली. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पावणेमंडळी निघाली होती. "माज्यापायी कायपन थांबवू नका," असं तिनंच पलंगावरून बजावलं. सगळ्या गावानं पाहिलेलं लग्न एकट्या आईनं पाहिलं नव्हतं.

आता डिसेंबर उजाडला होता. चंद्राबाई वॉकर धरून घरातल्या घरात चालायला लागली होती. सोनालीनं सासरहून, नेरळहून, लग्नाच्या सिनेमाचा पेन ड्राईव्ह धाडला होता. फोनवर कुणीकुणी तुकडे दाखवले होते, पण तिला त्यात मुंग्या हलल्यासारखं दिसायचं. टीव्ही मागे डबा असलेला, जुना. मोठा पडदा म्हणावा असा घरात एकच होता, या कॉम्प्युटरचा. तोही पदूनंच दिलेला. बारा वर्षांपूर्वी आपल्या शूटिंगच्या दुकानात दुसरं मशीन घेतल्यावर त्यानं आपला एडिटिंगचा कॉम्प्युटर भाचीला अभ्यासाला आणून ठेवला होता. त्यात एक्सपी ही जुनी सिस्टीम होती, तीच अजून होती.

सव्वीस वर्षं पदू लग्नांची शूटिंग करत होता. कर्जतपासून खालापूरपर्यंत असं गाव नव्हतं, जिथल्या मांडवात त्यानं कॅमेरा खांद्यावर घेतला नव्हता. आणि सख्ख्या भाचीच्या लग्नात त्याच्या हातात कॅमेरा नव्हता. सोनाली घरी येऊन म्हणाली होती, "मामा, तू मामा म्हनून माज्या मागं उभा रा. शूटिंगचं नेरळवाल्यांनी कमलेशला सांगितलंय." पदू हसून "बरं" म्हणाला होता.

तेव्हापासून तो कमलेशच्या स्टुडिओवरून जाईनासा झाला. स्टेशनाकडे जायचं तरी मागच्या गल्लीतून जायचा. भेटेल तो त्याला सांगायचा, काय शूटिंग झालंय तुमच्या सोनीच्या लग्नाचं, पाहिलंत की नाही. तो "पाहिलं ना" म्हणायचा. त्यानं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो स्कूटरवरून परत सावरोलीला आला. फाईल नव्या पद्धतीनं दाबून बसवलेली होती आणि जुन्या प्लेअरला ती ओळखूच येत नव्हती, एवढं त्याला कळलं होतं. एक्सपीवर अजून चालणारा एक प्लेअर शोधून तो घेऊन आला होता. तो टाकल्यावर चित्र उमटलं. चंद्राबाई टाळी वाजवायच्या बेतात होती, तेवढ्यात चित्र थांबलं. सोनालीच्या गालापाशी हळदीचा हात तसाच राहिला. चार-पाच सेकंदांनी चित्र एकदम पुढे उडी मारून पुन्हा गोठलं. आवाज मात्र कुठच्या कुठे पुढे निघून गेला होता.

"ही अशी पुतळ्यावानी का झाली?"

"मशीन म्हातारं झालं, बाय. एवढी मोटी फाईल उचलत नाय त्याला."

"म्हंजे माज्यावानीच." ती हसली. मग म्हणाली, "कमलेशला इचार ना. त्यानंच केलंय, तो हलकं करून देल."

"त्याला कशाला इचारायचं? मी करतो."

"मी आपलं म्हनलं."

"सांगितलं ना, मी करतो."

त्याचा आवाज चढला होता.

सकाळी दुकान उघडून त्यानं फाईल स्वतःच्या मशीनवर घातली. तिथेही ती अडखळत होती, पण दिसत होती. सुरुवातीची दोन मिनिटं बघू, म्हणून तो बसला आणि अर्धा तास उठला नाही. हळदीच्या मांडवात कमलेशनं एकही दिवा लावला नव्हता. पिवळ्या कापडातून गाळून आलेलं ऊन तेवढं सोनालीच्या तोंडावर होतं. पदू अशा वेळी हॅलोजन पेटवायचा. सव्वीस वर्षं त्यानं नवऱ्यामुलींच्या तोंडावर हॅलोजन मारला होता आणि त्या डोळे बारीक करून हसायच्या. सोनालीनं डोळे बारीक केले नव्हते. आपल्याला कुणी पाहतंय हेच तिला माहीत नसावं, अशी ती बसली होती.

महागडा कॅमेरा असला की कुणालाही जमतं, असं पदू मनाशी म्हणाला. पण कापडातलं ऊन कॅमेऱ्यानं आणलं नव्हतं, हेही त्याला कळत होतं.

फाईल दुसऱ्या रूपात काढायला त्यानं सॉफ्टवेअर उघडलं. चित्र किती मोठं ठेवायचं, किती बारकावे राखायचे, हे त्यात आपणच ठरवायचं असतं. बायच्या मशीनला झेपेल असं मधलं माप त्याला चांगलं माहीत होतं. तिथपर्यंत जाऊन त्याचा हात थांबला. मग त्यानं सगळ्यात खालचं माप निवडलं आणि बटण दाबलं.

संध्याकाळी निघालेलं चित्र त्यानं तपासलं. ऊन गेलं होतं. पिवळ्या कापडाचे चौकोनी डाग झाले होते, चेहरे पिठूळ दिसत होते. आता ते कुणाच्याही लग्नासारखं दिसत होतं. पदूला बरं वाटलं.

रविवारी चंद्राबाई आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून कॉम्प्युटरसमोर बसली होती. या खेपेला चित्र न अडखळता चाललं. ती पुढे वाकून बघत राहिली. मांडव आला, हळद झाली, नवरी बोहल्याकडे निघाली.

"यातली सोनी कंची?"

"ही काय, हिरव्या शालूतली."

"हां." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तिच्या नाकात माजी नथ हाय का रं?"

पदूनं पाहिलं. सोनालीच्या तोंडावर नाकाच्या जागी एक फिकट डाग हलत होता.

"मी दवाखान्यातून दिली व्हती शेजारच्या ललिताकडं. तिनं वेळंवर नेली का नाय, कुनी सांगितलंच नाय. सोनीला इचारलं तर ती म्हनली घातली व्हती. पन ती माजं मन राखायला बोलंल." तिनं पदरानं पडदा पुसला. "दिसत नाय. माजी नजरच गेली म्हनायची."

"नजर नाय गेली," पदू म्हणाला. "कापी बिगडली. मी परत करून आनतो."

"राहू दे रं. किती खेपा घालशील? एवढं दिसलं ते काय थोडं झालं?"

पदूनं पेन ड्राईव्ह काढला. ती चहा टाकते म्हणाली, त्यालाही तो थांबला नाही.

या वेळी त्यानं मधलं माप निवडलं. दुकानातलं मशीन चार तास घुरघुरलं आणि बंद पडलं. त्यानं झाकण उघडून पंखा लावला, पुन्हा सुरू केलं, ते पुन्हा बंद पडलं. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. मशीनच्या अंगात तेवढी ताकद उरली नव्हती. गुरुवारी सकाळी त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा समोरच्या रस्त्यानं स्टेशनाकडे गेला.

कमलेश घारे स्टुडिओत एकटाच होता. पदूपेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. पदूला पाहून तो उठून उभा राहिला.

"या दादा. बसा."

पदू बसला नाही. उभ्याउभ्याच त्यानं काय हवं ते सांगितलं. खालचं माप कुणी निवडलं होतं, तेवढं सांगितलं नाही.

"एक्सपीवर?" कमलेश म्हणाला. "मग साधी फाईल काढतो, चालेल ती. पहिल्या दिवशी फोन केला असतात तर सावरोलीला घरी आणून दिली असती, दादा. मावशींनी सिनेमा अजून पाहिला नाही, हे मला माहीतच नव्हतं."

त्यानं काम लावलं. पदूच्या मशीनला जे चार तासांत जमलं नव्हतं, त्याला इथे वीस मिनिटं लागणार होती, तसा आकडाच पडद्यावर दिसत होता. पदू त्या आकड्याकडे बघत राहिला.

झाल्यावर कमलेशनं फाईल नीट निघाली का, हे बघायला मधूनच कुठूनतरी चालू केली. शेवटची मंगलाष्टकं चालली होती. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, आणि चित्र नवरा-नवरीवर थांबण्याऐवजी सोनालीच्या खांद्यावरून मागे गेलं. मागे फेटा बांधलेला एक माणूस उभा होता. त्याची अक्षतांची मूठ तशीच मिटलेली होती. तो बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे बघत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

हा मीच, हे समजायला पदूला एक क्षण लागला. सव्वीस वर्षांत तो कुणाच्याच लग्नाच्या सिनेमात दिसला नव्हता.

"हा घेताना नवरीचं हसणं माझ्या हातून सुटलं," कमलेश म्हणाला. "नेरळवाले नंतर बोलले मला. हार घालायच्या वेळी मामावर कशाला गेलास, म्हणाले."

"बरोबर बोलले," पदू म्हणाला. "मी असतो तर नवरी सोडली नसती."

"माहीत आहे, दादा."

पदू पेन ड्राईव्ह घेऊन पायऱ्या उतरला. समोर लावलेल्या स्कूटरला त्यानं किक मारली. कमलेश चांगला माणूस निघाला, हे त्याला जास्त लागलं होतं. उर्मट असता, हिशोबी असता, तर निभलं असतं.

खोपोलीच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. आपल्या हातात कॅमेरा असता, तर बायची रिकामी खुर्ची आपल्याला दिसली असती का? दिसली नसती. आपण हारांवर असतो.

चंद्राबाई पडवीत शेंगा सोलत बसली होती. आज तो येईल, असं तिला वाटलं नव्हतं. ती तशीच वॉकर टेकत आत आली. पदूनं सिनेमा लावला आणि सवयीनं तिच्या मागे भिंतीशी उभा राहिला.

पिवळं ऊन आलं तशी ती खुर्चीत सरकून बसली. बोहल्याकडे निघालेल्या सोनालीनं मान वळवली. नाकात नथ होती, तिचा लाल खडासुद्धा दिसत होता.

"हाय," ती म्हणाली. "घातली व्हती."

अक्षता पडल्या, चित्र मागे सरकलं. तिनं भावाला ओळखलं.

"तू कुनाला बगतोस रं?"

"तुला," पदू म्हणाला.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. पाठीमागे हात करून त्याची बाही तेवढी धरली आणि सोडली.

जेवणावळी झाल्या, फोटो झाले, मग पाठवणी आली. सोनाली एकेकाच्या गळ्यात पडत दाराकडे निघाली. चंद्राबाईनं वॉकर पुढे ओढला आणि दोन्ही हातांवर जोर देऊन ती उठायला लागली.

"काय पायजे? मी देतो," पदू पुढे झाला.

"काय नको. पोरगी निघालीय. बसून कसं चालंल?"

त्यानं तिच्या कोपराला हात घातला. तिनं तो बाजूला केला. ती उभी राहिली, पदर डोक्यावरून घेतला. पडद्यावर सोनाली गाडीत बसली, काच वर गेली, गाडी हलली. फुलांच्या माळा लावलेली ती गाडी हॉलच्या फाटकातून बाहेर पडून नेरळच्या रस्त्याला वळली आणि दिसेनाशी झाली.

पदूनं चित्र इथे तोडलं असतं. सगळेच तोडतात. गाडी गेल्यावर काय उरतं घेण्यासारखं? कमलेशनं तोडलं नव्हतं. कॅमेरा तसाच त्या रस्त्यावर राहिला होता. धूळ हळूहळू खाली बसत होती, एक कुत्रं आडवं गेलं, लांबवर कुणीतरी खुर्च्या एकात एक रचत होतं.

चंद्राबाई वॉकरला धरून त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होती. तिच्या हाताच्या शिरा ताणल्या होत्या, पण ती बसली नाही. पदूला वाटलं, थोडं आणखी चालू दे. चित्र थांबायला नको होतं. आणि ते थांबत नव्हतं, कमलेशनं ते लांबवलं होतं, आईला पुरेल इतकं.