बाबांच्या बोटांवरचे डाग

"एक, दोन, तीन..." अख्खं सभागृह मोजत होतं. बाबांच्या परातीत राख, राखेवर कुणाचे तरी दवाखान्याचे कागद, वरून मंतरलेल्या तेलाची धार. पंचविसाला धूर, तिसाला जाळ! काडी नाही, काही नाही. लोकांनी हात जोडले.

"लशीचं विष कागदात असतं," बाबा गरजले. "कागद गेले की दुखणं गेलं!"

पुढचा नंबर आमच्या शेजारणीचा. लस घेतल्यावर तीन आठवड्यांत तिच्या मुलीच्या पायातली ताकद गेली होती. असं फार क्वचित होतं, डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं. त्याच कागदांवर तिचा नुकसानभरपाईचा दावा उभा होता. सुनावणी सोमवारी.

"दाव्याने पाय येणार आहेत का, भाऊजी?" ती म्हणाली. "बाबा पाय देतो म्हणतात."

मागच्या वर्षी लशीनंतर माझ्या बायकोचेही पाय गेले, तेव्हा तिलाही देणार होते. तिला पाठीवर घेऊन मीच इथे आलो. फाईल मीच परातीत ठेवली, औषधं बंद केली. चार महिन्यांत ती गेली. नंतर भरपाई मागायला गेलो, तर वकीलबाई म्हणाल्या, "काका, लस कधी घेतली, कुठली घेतली, काहीतरी दाखवा." दवाखान्यातही नोंद सापडेना.

आज मी बाबांची बोटं बघितली. टोकांवर तपकिरी डाग. तसले डाग तीस वर्षं माझ्या हातावर होते. मी पाण्याच्या टाक्या धुणारा. टाकीत टाकायची जांभळी पूड, पोटॅशियम परमँगनेट, हाताला लागली की असेच डाग पडतात. बायको लिंबू चोळून काढायची. आमच्या कोठाराच्या दारावर लिहिलेलं होतं, 'पुडीजवळ ग्लिसरीन ठेवू नये, पेट घेते.'

मी उठलो. शेजारणीसाठी मांडलेल्या परातीतली राख बाजूला सारली. खाली जांभळे दाणे. खिशातलं वर्तमानपत्र ठेवून बाबांचंच 'तेल' कडेने दाण्यांवर ओतलं.

"पापी हात लागला!" बाबा ओरडले. "आता पेटणार नाही!"

"मोजा," मी म्हणालो.

कुणी मोजलं नाही. तरी पेटलं.

"मग हे काकापण बाबाच की!" मागून कोणीतरी म्हणालं. हसू पसरलं, तेवढ्यात बाबा मागच्या दाराने सटकले. शेजारणीने फाईल छातीशी धरली होती.

सोमवारी कोर्टाने कागद बघून दावा दाखल करून घेतला. पाय परत येतील की नाही, माहीत नाही. पण पोरीचे उपचार तरी थांबणार नाहीत.

लस घ्या, मीही घेतली. त्रास झाला तर डॉक्टरांकडे जा, वकिलाकडे जा, कागद जपा. आणि कोणी चमत्कार दाखवू लागला, तर आधी त्याचे हात बघा. मी तेव्हा फक्त बायकोच्या तोंडाकडे बघत होतो.