कागद लिंबाजींचा, पाटी पंचशीलाबाईंची

मी पाटी बोलतेय. दगडाची नव्हे, पेन्सिलीनं गिरवायची तर नव्हेच. पुस्तकं पोटात घेऊन फिरणारी पाटी. खोक्यावर माझं इंग्रजी नाव छापलेलं होतं, पण ज्या घरात मी नांदते तिथं ते कुणी घेत नाही. पंचशीलाबाईंनी मला पहिल्यांदा हातात घेतलं, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाल्या, "ही तर पाटी हाय." झालं बारसं. शिकलेली माणसं मला ई-रीडर म्हणतात. म्हणोत बापडी.

एक गोष्ट आधीच ठणकावून सांगते. मला मोबाईलची धाकटी बहीण समजू नका. मला गाणी येत नाहीत, फोटो काढता येत नाहीत, नाचणाऱ्या बाया दाखवता येत नाहीत. एकच काम येतं आणि ते मी मान वर करून करते. माझा चेहरा करडा आहे, भर उन्हात धरा तरी दिसतो, आणि तासभर बघत बसलात तरी डोळ्यांतून पाणी काढत नाही. ज्याला झगमगाट हवा त्यानं दुसरीकडं जावं.

जन्माचं म्हणाल तर त्यात सांगण्यासारखं फार नाही. परमुलखातला कारखाना. एका पोरीनं माझी काच पुसली, दुसरीनं मला पिशवीत घातलं, बाळंतपण उरकलं. तेव्हा माझ्या पोटात एकही मराठी अक्षर नव्हतं.

मला मागवलं समीक्षानं. ती तेव्हा नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होती. जाडजूड पुस्तकं वाहून खांदा दुखतो, ही असली की सुटले, असं मैत्रिणींना सांगत सुटली होती. सुटली खरी, पण माझ्यापासूनच. एक परीक्षा झाली, नवा मोबाईल आला आणि माझी रवानगी हॉस्टेलच्या कपाटात, वायरींच्या गुंत्याखाली झाली. माणसांची ही खोड मी ओळखून आहे. वस्तू घेताना तिच्यावाचून जन्म अडल्यासारखं बोलतात, आणि आली की तिच्यावर धुवायचे कपडे टाकतात. माझी तर आणखी गंमत. बॅटरी संपली तरी माझ्या तोंडावर शेवटचं चित्र तसंच राहतं. मी झोपलेय की मेलेय, बघणाऱ्याला कळत नाही. कुणी बघतही नव्हतं म्हणा.

तिथून मला बाहेर काढलं ते एका म्हातारीच्या रागानं.

पंचशीलाबाई म्हणजे समीक्षाची आजी. नायगावकडच्या एका खेड्यात राहतात. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. तरुणपणी खताच्या दुकानात पोती उतरवायला जायच्या, तिथं पोत्यांवरची ठळक अक्षरं लावत लावत वाचायला शिकल्या. कुणी शिकवलं असं विचारलं की म्हणतात, "कोण शिकवंल? मी शिकले." आणि त्या नुसत्या शिकल्या नाहीत, खुर्ची मिळवली. त्यांच्या गावात वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. सारी वस्ती पांढऱ्या कपड्यांत सतरंजीवर बसते, आणि एकजण खुर्चीवर बसून मोठ्यानं वाचतो. कितीतरी वर्षं ती खुर्ची पंचशीलाबाईंची. त्या वाचायला लागल्या की रडकी पोरंसुद्धा गप बसतात, असं गावात म्हणतात. मी ऐकलंय, खरं आहे.

पण डोळ्यांनी दगा दिला. एकाचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा पडदा गेला. नांदेडचा डॉक्टर म्हणाला, बारीक अक्षर आता विसरा. ग्रंथाचं अक्षर बारीकच. मागल्या वर्षावासात त्या ओळी चुकायला लागल्या, मग अंदाजानं वाचायला लागल्या. यंदा आषाढ जवळ आला तसा विहार कमिटीचा सचिव संघपाल घरी आला. त्यांचा चुलत पुतण्याच तो. चहा पिऊन हळूच म्हणाला, "मोठीमाय, यंदा तू आराम कर. वाचायला दुसरं कुणी बघतो."

"आराम मेल्यावर करीन," बाई म्हणाल्या. "चहा पिलास ना? ऊठ मग."

त्या दिवशी फोनवर त्या समीक्षाला एवढंच म्हणाल्या, "माझी खुर्ची काढून राहिले." पोरीनं कपाट उपसलं, मला शोधलं, चार्ज केलं, तोच ग्रंथ माझ्यात भरला आणि रविवारच्या एसटीनं मला आजीकडं आणलं. अक्षर मोठं करायचं कसं ते दाखवलं. बाईंनी ते इतकं मोठं केलं की माझ्या एका पानावर मोजक्याच ओळी उरल्या. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. थांबल्या. चष्मा काढून पुसला.

"एवढं ठळक तर युरियाच्या पोत्यावर बी नव्हतं गं," म्हणाल्या.

मला वाटलं, जिंकले. पण अजून लिंबाजी मला भेटायचे होते.

लिंबाजी म्हणजे बाईंच्या नवऱ्याचे चुलतभाऊ. नात्यानं दीर, वागण्यानं सासू. विहारात बाईंनी मला पिशवीतून काढताच ते म्हणाले, "वहिनी, इथं पोरास्नी मोबाईल आणू देत न्हाईत आपण. अन् तू खुर्चीवर बसून बघणार व्हय?"

"भावजी, ही मोबाईल न्हाई. हिला घंटी न्हाई, कानात घालायची बोंडं न्हाईत."

"मग काय हाय?"

"पाटी."

"पाटीवर ग्रंथ असतो का कुठं?"

संघपालनं मला हातात घेऊन नीट पाहिलं आणि तिथंच घोटाळा झाला. माझ्या तळाशी पानांचा आकडा दिसतो. कागदाच्या ग्रंथाची पानं सहाशेच्या आत. माझ्याकडं आकडा होता तीन हजारांच्या वर. संघपालच्या कपाळाला आठी पडली. "मोठीमाय, ह्यात पानं लई जास्त हायेत."

दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर बातमी तयार होती. पाटीमधल्या ग्रंथात कुणीतरी भर घातली.

आता ह्यात काय अवघड आहे? अक्षर मोठं केलं की पानावर शब्द कमी मावतात, म्हणून पानं वाढतात. पण मी हसले नाही, तुम्हीही हसू नका. ज्यांच्याविषयी शेकडो वर्षं दुसऱ्यांनीच लिहून ठेवलं, त्यांना स्वतःच्या ग्रंथात परक्याचा हात खपत नाही. त्यांनी संशय घेतला तर तो त्यांचा हक्क आहे.

बाईंनी मात्र समजूत घालत बसणं पसंत केलं नाही. त्या भर विहारात उभ्या राहिल्या. "भावजी, तुमी कागद धरा. मी पाटीवरून वाचते. बोट ठिवून बघा. एक शब्द जरी येगळा निघाला तर मी खुर्ची सोडते, परत मागणार न्हाई."

साऱ्यांनी ऐकलं. लिंबाजींनी ग्रंथ मांडीवर घेतला.

मग रोज संध्याकाळी असं चालायचं. वर खुर्चीत बाई आणि मी, शेजारी चटईवर लिंबाजी, त्यांचं बोट कागदावरून सरकतंय. बाईंचा आवाज पुन्हा सरळ झाला होता. एक त्रास मला होता तो सांगते. पान उलटायच्या आधी त्यांना अंगठा जिभेला लावायची सवय. ओला अंगठा काचेवर टेकला की मी बावचळते, एकदम दोन पानं पुढं जाते. मग लिंबाजी खालून पुटपुटायचे, "मशीनला थुका लावून राहिली." बाई मला पदरानं पुसायच्या आणि मागचं पान शोधायच्या. मी बऱ्याच जणांच्या हातून गेले नाही, पण असल्या मायेनं मला कुणी ओलं केलं नव्हतं.

शब्द मात्र एकही वेगळा निघत नव्हता. लोकांचा संशय विरत चालला होता. लिंबाजींचं बोट जरा सैल पडलं होतं.

आणि एका संध्याकाळी दुःखाच्या कारणांचा भाग आला. 'अविद्या' हा शब्द माझ्या ओळीच्या टोकाला आला. अक्षर एवढं मोठं की शब्द पुरता मावेना. मी काय केलं, 'अ' वरच्या ओळीच्या शेवटाला ठेवला आणि 'विद्या' खाली उतरवली. बाईंचा गेलेला डोळा नेमका त्या काठाचा. त्यांना 'अ' दिसलाच नाही. त्या खणखणीत आवाजात वाचून गेल्या की साऱ्या दुःखाचं मूळ विद्या आहे.

पोती वाहून अक्षरं कमावलेली बाई, विद्येसाठी पोटाला चिमटा घेतलेली सारी वस्ती, आणि मी त्यांच्या तोंडून हे वदवून घेतलं.

लिंबाजींचं बोट थांबलं. "वहिनी, कागदावर अविद्या हाय."

बाईंनी मला डोळ्यांजवळ नेलं. काठावर रुसून बसलेला 'अ' त्यांना दिसला. संघपाल घाईनं म्हणाला, "जाऊ दे मोठीमाय, मशीनची चूक हाय."

"शब्द मी दिला व्हता. मशीननं न्हाई," बाई म्हणाल्या. उठल्या, मला उचललं आणि बायकांत सतरंजीवर जाऊन बसल्या. खुर्ची रिकामी.

कुणीतरी वाचायला हवंच. लिंबाजी खुर्चीवर बसले. सदरा ओढून नीट केला, घसा साफ केला आणि कागदावरून वाचायला लागले. मला वाटलं, आता मी परत कपाटात. पण बाईंनी मला मांडीवर उघडलं होतं आणि त्या माझ्यावर बोट ठेवून ऐकत होत्या.

"भावजी, 'तथापि' खाल्लं तुमी."

लिंबाजींनी मागं जाऊन 'तथापि' वाचलं.

"तिथं पूर्णविराम हाय. थांबा जरा. मागं कुत्रं लागलं का?"

बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी एक ओळ राहिली, बाईंनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी 'संयम'चं 'संगम' झालं, ते तर बाईंच्या आधी मागच्या पोरींनीच सांगितलं. सगळ्यांनाच आता कान लागले होते. वर बसून वाचणाऱ्या पंचशीलाबाई परवडल्या, खाली बसून ऐकणाऱ्या नको, असं लिंबाजींच्या घामावरून दिसत होतं. पण बाई हसत नव्हत्या. घरी आल्यावर त्या जेवण ताटात फिरवत बसायच्या. मी कोनाड्यातून बघत होते.

एका सकाळी लिंबाजी दारात येऊन उभे राहिले. "जयभीम वहिनी."

"जयभीम. आता काय राहिलं? खुर्ची दिली की."

"तीच घे म्हणून आलो."

"मी शब्द देऊन मोडत न्हाई."

"तुझा शब्द काय व्हता? एक शब्द येगळा निघाला तर. बरूबर?" लिंबाजी उंबऱ्यावर टेकले. "मग येगळा कुठं निघाला? 'अ' पाटीत व्हताच. वरच्या ओळीत बसला व्हता येवढंच. ग्रंथ तोच हाय. चुकला तर तुझा डोळा चुकला, अन् डोळ्यावर आपली काई पैज नव्हती."

बाई त्यांच्याकडं वळल्या. "हे तुमाला आज कळलं?"

"न्हाई. त्याच दिशी."

"मग बोलला का न्हाईत?"

लिंबाजी जमिनीकडं बघून म्हणाले, "मला बी एकदा वर बसून बघायचं व्हतं."

बाई उठल्या. आत गेल्या, चहा ठेवला. साखर जास्त टाकली, हे मी पाहिलं.

त्या संध्याकाळी त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या. समीक्षानं फोनवर सांगितल्याप्रमाणे अक्षर एक पायरी लहान केलं होतं, त्यामुळं शब्द मोडायचे थांबले. लिंबाजींचं बोट मात्र कागदावर राहिलंच. शिवाय बाईंनी एक नवीन चाल काढली. आठवड्यातून एकदा त्या अर्ध्यातच थांबायच्या आणि म्हणायच्या, "घसा बसला. भावजी, पुढचं तुमी." घसा अजिबात बसलेला नसायचा. लिंबाजी 'तथापि' खाईनासे झाले.

आश्विन पौर्णिमेला ग्रंथ संपला. ते बघायला हिमायतनगरकडची चार मंडळी आली होती. त्यांच्या विहारासाठी ग्रंथ घ्यायचे की माझ्यासारख्या पाट्या घ्यायच्या, ह्यावर त्यांची कमिटी भांडत होती. त्यांनी बाईंनाच विचारलं. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडं वाचतं कोण?"

"ते अजून ठरायचं हाय," त्यातला एकजण म्हणाला.

"मग आदी ते ठरवा. त्याचे डोळे बघा. मग दुकानात जावा."

ग्रंथाला फुलं वाहायला लोक उठले. एका सूनबाईनं भक्तीनं माझ्यावरही ओली शेवंती ठेवायला हात पुढं केला. बाईंनी तो मधेच धरला. "हिला फुलं नगं, पाणी शिरलं तर मरंल. फुलं कागदाला. हिला चार्जिंगला लावा."

तर मंडळी, कागदाशी माझं भांडण नाही. त्याला माझ्यासारखी वायर लागत नाही, तो पडला तरी फुटत नाही, आणि त्याच्या वासाची बरोबरी मला सात जन्मांत जमायची नाही. पण ज्याच्यापुढचं अक्षर रोज थोडं थोडं पुसट होतंय, त्याला वास घेऊन वाचता येत नाही. तुमच्या कपाटात माझी एखादी बहीण वायरींखाली पडली असेल तर तिला उठवा, आणि घरात कोण अंदाजानं वाचतंय ते बघा. तिथं तिला नेऊन द्या.

माझं विचाराल तर एका कोपऱ्याला टवका गेलाय, बॅटरी पहिल्यासारखी टिकत नाही, पण तब्येत झकास आहे. पौर्णिमेनंतर समीक्षा मला परत न्यायचं का म्हणून विचारायला लागली होती. बाईंनी मला उशाशी ओढलं.

"हिच्यात अजून किती पुस्तकं मावतात?"

"मस्त मावतात, माय. हजार दोन हजार."

"मग भर," बाई म्हणाल्या.

तेव्हा आता रजा द्या. माझ्यात पुस्तकं उतरायला लागलीत आणि बाई चष्मा पुसून बसल्यात.