डबीचं नवं इंजिन

कुणी काही कुरकुरलं की मिस्त्री मनातल्या मनात पाना शोधू लागायचा. म्हणून जेवताना बायको हसत म्हणाली, “आपली डबी चढावर कशी धापा टाकते, अगदी माझ्यासारखी,” तेव्हा तिसऱ्याच दिवशी त्याने डबीचं बॉनेट उघडलं.

डबी म्हणजे बायकोची गाडी. परदेशी बनावटीची, वीस वर्षांची, इवलीशी. बायको नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जाऊन जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची. अशी सहा घरं होती, सगळी टेकडीवर, आणि बस जेमतेम अर्ध्या चढापर्यंत जायची. डबी होती म्हणून तिचं काम होतं.

तिला आठवडाभर सुट्टी घ्यायला लावून मिस्त्रीने भंगारवाल्याकडून मोठ्या गाडीचं इंजिन आणलं आणि डबीचं जुनं त्याच्याच गळ्यात मारलं. नवं काही मावेना. मग ज्यांवर जुनं इंजिन बसायचं ते पायेच त्याने कापले, नवे वेल्ड केले, रेडिएटर पुढे सरकवला.

“पोराला बापाचा कोट घालतोयस,” शेजारचा पत्रेवाला म्हणाला.

“तू तुझे पत्रे ठोक,” मिस्त्री म्हणाला.

ब्रेकसुद्धा त्याने मोठे बसवले. कामात कसूर म्हणून ठेवली नाही. डबीने चढ असा घेतला की मिस्त्री एकटाच मोठ्याने हसला. बायकोने गल्लीत एक चक्कर मारली, “छान झाली हो,” म्हणाली आणि चावी खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी ती बसने गेली. पेट्रोल कशाला जाळायचं, म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. चौथ्या दिवशी तिने दोन घरांना जमणार नाही म्हणून कळवलं. पाचव्या दिवशी सकाळी ती पुन्हा बसची वेळ बघू लागली तेव्हा मिस्त्रीचं डोकंच फिरलं. एवढी मरमर केली, कौतुक राहिलं बाजूला, बाईसाहेब गाडीला हात लावायला तयार नाहीत!

“माझ्या हातची गाडी नको झाली का तुला?” तो फाडकन बोलला.

ती बाहेर जाऊन डबीत बसली. त्याला दिसावं म्हणून दार उघडंच ठेवलं. डावा पाय क्लचवर ठेवून तिने जोर लावला. पेडल अर्ध्यावर गेलं आणि पाय थरथरायला लागला. मग तिने दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा खाली रेटला.

मोठ्या इंजिनाला क्लच कडक लागतो, हे मिस्त्रीने गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलं असेल. तिचा डावा गुडघा झिजलाय हेही त्याला ठाऊक होतं. तेल तोच चोळून द्यायचा. दोन्ही गोष्टी त्याच्या एकाच डोक्यात होत्या आणि कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

“हलका क्लच टाकू?” तो म्हणाला.

“चालेल?”

“घसरेल. एवढं इंजिन त्याला पेलणार नाही.” तिच्याशी खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

“मग जुनंच बसवा परत.”

जुनं भंगारवाल्याने केव्हाच सुटं करून विकलं होतं; तसं परदेशी इंजिन दुसरं इथे मिळत नव्हतं. आणि पाये तर त्याने स्वतःच कापले होते.

“अगं, पण तूच म्हणालीस ना, धापा टाकते म्हणून?”

“मी तुमच्याशी बोलत होते हो. नुसतं बोलत होते.”

मिस्त्रीला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. “मी नेईन तुला,” तो घाईघाईने म्हणाला. “रोज. गॅरेज दुपारी उघडेन.” त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

“तीस वर्षं तुम्हीच नेत होतात,” ती म्हणाली. “रोज ऐकायचं, ‘आवर लवकर, किती उशीर, मी खाली थांबलोय.’ पन्नाशीत गाडी शिकले ती कशासाठी, असं वाटलं तुम्हाला?”

मिस्त्रीला वाटलं होतं, पेशंटांसाठी.

पहिल्या घरी नऊला पोचायचं होतं. ती खाली उतरली, त्याच्या हातात चावी ठेवली आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसली.