पाहुण्यांपुढे कसावा

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशियात एक अलिखित कायदा आहे: पाहुण्यापुढे बेटावर पिकलेलं काही ठेवायचं नाही. नीरफणस, कसाव्याचा कंद, कोको हे घरच्यांनी घरात, दार लोटून खायचं. पाहुणा आला की डबा फोडायचा. डबा जितक्या लांबून आलेला, तितका मान मोठा.

आणि सोमवारी भाकरीची भट्टी चालवणाऱ्या क्लोटिलकडे येणार होते 'आपलं पिकवा, आपलं खा' खात्याचे मोंदेझीरसाहेब, थेट राजधानीहून. तिची कसाव्याची भाकरी पसंत पडली तर तीन शाळांच्या न्याहारीचं काम मिळणार होतं. नाही पडली तर भट्टी बंद आणि हॉटेलातल्या चादरी धुणं नशिबी.

भट्टी तशी एकट्या क्लोटिलची नव्हतीच. कसावा वरच्या वाडीतल्या थिओफिलचा, नारळ त्याच्या मेव्हण्याचे, केळीची पानं म्हाताऱ्या ऑरेलीची. भाकरी खपली की पैसा गावातच चार घरं हिंडून यायचा. बिस्किटांच्या डब्याचा पैसा पहिल्या बोटीनं जायचा तो पोचल्याची चिठ्ठीही पाठवायचा नाही.

"वहिनी, साहेबाला कसावा वाढणार?" नणंद यूडोक्सी किंचाळली. "भिकेला लागलोय का आपण?"

म्हणून टेबलावर परदेशी बिस्किटं, डब्यातले सॉसेज आणि सफरचंदाचा रस. भाकरी तपासणीपुरती, आत भट्टीपाशी.

साहेबांनी देशी अन्नावर पाऊण तास भाषण केलं. ताजं असतं, औषधं मारून टिकवलेलं नसतं, शेजाऱ्याच्या हाताला काम देतं. सगळं खरं होतं. तोंडात बिस्कीट असल्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं, एवढंच. भाकरी आली तेव्हा पोटात जागा उरली नव्हती.

"छान दिसतेय. बांधून द्या," साहेब म्हणाले. "आता फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न. बाई, ही भाकरी तुम्ही स्वतः पाहुण्यांना वाढता?"

क्लोटिलनं टेबलाकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. यूडोक्सीनं छताकडे पाहिलं.

"नाही वाढत."

"मग आम्ही मुलांना का वाढावी?" साहेब पेनाला टोपण लावू लागले.

क्लोटिल उठली. तिनं साहेबांच्या हाताखालून बिस्किटांचा डबा काढून घेतला. मग सॉसेज. मग अर्धा प्यालेला रस.

"अगं वहिनी!"

"गप बस गं." तिनं पान उलगडून गरम भाकरी पुढ्यात सरकवली. "ही बघा, वाढली. खा आता."

राजधानीच्या माणसाचा असा पाणउतारा गावात कधी झाला नव्हता. साहेबांनी अपमान गिळावा तसा एक तुकडा गिळला. मग दुसरा. मग भाकरी संपेपर्यंत त्यांचं तोंड फक्त खाण्यासाठी उघडत राहिलं. खात्यात लागल्यापासून हे पहिल्यांदाच घडत असावं.

"बाई, हे एवढं चांगलं लागतं?"

"मघापासून तुम्हीच तर सांगत होता!"

"सांगत होतो हो. खाल्लं कुठं होतं?"

तीन शाळांच्या कागदावर सही झाली.

यूडोक्सीनं संध्याकाळपर्यंत गावभर केलं: वहिनीनं साहेबाच्या हातातली बिस्किटं हिसकावली आणि बिचाऱ्याला कसावा खायला लावला. गाव महिनाभर हळहळलं. थिओफिलसुद्धा, कसाव्याची पोती उतरवता उतरवता. खुलासा करायला क्लोटिलला सवड नव्हती. शाळेची गाडी रोज सकाळी साडेसहाला दारात उभी राहायची.